सावरणारं शरीर : प्रस्तावना

धाराशिव जिल्ह्याचं जुनं नाव जगभरच्या पशुविज्ञानाच्या पुस्तकांत टिकून आहे ते इथल्या शेळीमुळे. उस्मानाबादी शेळी काळीभोर आणि काटक; कमी चाऱ्यावर तगणारी, एका वेताला बहुधा दोन करडं देणारी. शरीररचनेचा पहिला धडा आपल्याकडं बहुतेकांनी याच जातीचा बोकड कापला जाताना शेजारी उभं राहून घेतलेला असतो. काळीज उजव्या बाजूला बरगड्यांच्या आड असतं. त्याला चिकटलेली पित्ताची हिरवट पिशवी फुटली तर मटण कडू होतं, म्हणून ती जपून काढतात. फुफ्फुस बोटानं दाबलं की आतली हवा जाणवते. गुरदे पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंना चरबीत गुरफटलेले असतात आणि आतड्याचं वेटोळं सोडवायला घेतलं तर ते संपता संपत नाही. हे सगळं खाटकाला ठाऊक असतं, आणि चुलीपुढं बसून वजडी साफ करणाऱ्या बाईलाही.

माणसाच्या धडातली मांडणी यापेक्षा फार वेगळी नाही. शेळीच्या पोटाला चार कप्पे, आपल्याला एकच. ती चार पायांवर, आपण दोन पायांवर, त्यामुळे कण्याचा आणि ओटीपोटाचा आकार बदलला. पण काळीज, फुफ्फुस, मूत्रपिंड, पाणथरी, हृदय यांची जागा आणि एकमेकांशी असलेली सोयरीक बरीचशी तीच. म्हणून ‘शरीरशास्त्र आम्हाला काय कळणार’ असं म्हणणाऱ्या वाचकाला मी पहिल्यांदा हे सांगतो की त्याला निम्मं आधीच ठाऊक आहे.

उरलेलं निम्मं मात्र कापल्यावर दिसत नाही. गुरदा हातात घेऊन पाहिला तरी तो दिवसभर काय करत होता याचा पत्ता लागत नाही. काळीज चिरलं तरी त्यात साठवलेली साखर नजरेला पडत नाही. अवयव कुठं आहे हे मेलेलं शरीर सांगतं. तो काय करतो हे जिवंत शरीरालाच विचारावं लागतं, तेही ते अडचणीत असताना. हे पुस्तक त्या दुसऱ्या निम्म्याबद्दल आहे.

शाळेत आपण शरीर संस्थांमध्ये वाटून शिकलो. पचनसंस्था, श्वसनसंस्था, रक्ताभिसरण, उत्सर्जन, चेतासंस्था. परीक्षेला ते सोयीचं होतं. पण उन्हात काम करून चक्कर आलेल्या माणसाच्या शरीरात हे धडे वेगवेगळे चालत नाहीत. तिथं कातडी, हृदय, मूत्रपिंड, मेंदू आणि आतडी एकाच वेळी एकाच गोष्टीसाठी झटत असतात: आतलं पाणी आणि आतली उष्णता ठरलेल्या मर्यादेत ठेवण्यासाठी.

आतलं पाणी म्हणजे किती? साठ किलो वजनाच्या तरुण माणसात सुमारे छत्तीस लिटर. त्यातलं चोवीस लिटर पेशींच्या आत असतं, बारा लिटर पेशींच्या बाहेर. बाहेरच्या या खारट पाण्यात आपली प्रत्येक पेशी जन्मभर बुडालेली असते. ऑक्सिजन आणि अन्न ती त्यातूनच घेते, कचरा त्यातच टाकते. हे पाणी हवं तसं राहिलं तर पेशी जगते. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये काम करणाऱ्या क्लोद बर्नार यांनी हे पहिल्यांदा नेमकं ओळखलं. बाहेरच्या जगात ऊन-थंडी काहीही असो, प्राणी खरा जगतो तो या आतल्या जगात, आणि ते आतलं जग स्थिर ठेवता येतं म्हणूनच त्याला बाहेर मोकळेपणानं फिरता येतं, असं त्यांचं म्हणणं. पुढं १९२६ साली अमेरिकेतल्या वॉल्टर कॅनन यांनी या स्थैर्याला होमिओस्टॅसिस हे नाव दिलं. आपण त्याला समस्थिती म्हणतो.

या मर्यादा किती अरुंद आहेत ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. रक्तातलं सोडियम लिटरमागं १३५ ते १४५ मिलिमोल. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५, त्यातही जराशी घसरण झाली की श्वास जोरात चालू लागतो. शरीराचं आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास, मग बाहेर जानेवारीची पहाट असो की मे महिन्यातली परंड्याची दुपार. हे आपोआप घडत नाही. प्रत्येक क्षणी कुठंतरी मोजमाप होतं, फरक ओळखला जातो आणि त्याच्या उलट्या दिशेनं काहीतरी केलं जातं. भाकरी भाजणारी बाई तवा जास्त तापला की लाकूड मागं ओढते, थंडावला की पुढं सारते. तिचं लक्ष जाळावर नसतं, भाकरीवर असतं. शरीराचा कारभार असाच चालतो. फरक इतकाच की तिथं एकाच वेळी शेकडो चुली पेटलेल्या असतात, आणि एका चुलीचं लाकूड ओढलं की दुसरीचा जाळ बदलतो.

या पुस्तकात मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची आहे. ज्याला आपण लक्षण म्हणतो, ते पुष्कळदा शरीराचं सावरणं असतं. घाम, तहान, पिवळी लघवी, धडधड, धाप, गार पडलेले हात हे शरीरानं केलेले उपाय आहेत. ते दाबण्याआधी, शरीर कशाला सावरतंय, हे विचारायला हवं. उत्तर मिळालं की बऱ्याचदा उपचारही सापडतो. कधी असंही कळतं की सावरण्याची ताकद संपत आली आहे आणि आता घरी थांबण्यात अर्थ नाही.

उन्हापासूनच सुरुवात करतो. आपल्या जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगररांगा आहेत, पण उन्हाळ्यात त्यांचा आधार फारसा नाही. पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा बाहेरची हवा शरीरापेक्षा तापलेली असते. अशा वेळी शरीराजवळ उष्णता टाकायचा एकच मार्ग उरतो, घाम वाळवण्याचा. एक लिटर घाम कातडीवरून वाळला की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. नुसता गळून पडलेला घाम हे काम करत नाही. म्हणून मुंबईच्या दमट हवेत माणूस घामानं भिजूनही उकडतच राहतो, आणि आपल्या कोरड्या हवेत घाम आल्याचं कळतही नाही. हा कोरडेपणा फसवतो. भर उन्हात कष्ट करणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला एक-दीड लिटर पाणी जाऊ शकतं, आणि तो सांगतो, ‘मला तर घामच येत नाही.’ त्याचा गडद रंगाचा सदरा पाठीवर नीट पाहावा. खांद्याच्या खाली आणि कमरेजवळ पांढऱ्या रेघांचे वेडेवाकडे गोल उमटलेले असतात. एकात एक, दोन-तीन. घाम आला, वाळला, पुन्हा आला. प्रत्येक वेळी कडेला मीठ सोडून गेला. बोटानं खरवडलं तर खरखर लागते. पाण्याबरोबर मीठही किती गेलं, याचा हिशेब त्या सदऱ्यावर लिहिलेला असतो.

शरीर हेही शिकतं. पहिल्या आठ-पंधरा दिवसांत उन्हाची सवय होते. घाम लवकर सुटतो, जास्त येतो, आणि त्यातलं मीठ कमी होतं. मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून येणारं अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक घामातलं मीठ परत ओढून घ्यायला लावतं. म्हणून उन्हाळ्याचा पहिला तडाखा आणि सुट्टीवरून परतल्यावरचे पहिले दिवस सगळ्यांत धोक्याचे. पुण्याहून गावी आलेला तरुण पहिल्याच दिवशी दुपारी बांधावर उतरतो आणि आडवा होतो. त्याचा साठीचा चुलता त्याच शेतात काम करत राहतो. तरुण नाजूक आहे असं नाही, त्याच्या घामग्रंथींना अजून तयारी करायला वेळ मिळालेला नाही.

या सावरण्याला हद्द आहे. कातडीकडं रक्त पाठवायचं, स्नायूंनाही पुरवायचं आणि त्याच वेळी घामानं रक्तातलं पाणी आटत चाललंय, अशा तिहेरी ओढाताणीत हृदय थकतं. आतलं तापमान ४० अंशांच्या पुढं गेलं आणि माणूस बरळू लागला, ओळखेनासा झाला, झटके आले की तो उष्माघात. अंग कोरडं पडलेलं असेलच असं नाही. कष्ट करताना लागलेल्या उष्माघातात घाम चालूही असतो. अशा वेळी तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाईल. पॅरासिटामॉलचाही उपयोग नाही, कारण मेंदूतला अधश्चेतक, म्हणजे हायपोथॅलॅमस, तापमान वाढवायला सांगतच नसतो. उष्णता त्याच्या हाताबाहेर गेलेली असते. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला, आणि हे करत असतानाच गाडी बोलवा. दवाखान्यात पोचेपर्यंत वाट पाहण्यात जो वेळ जातो, त्यातच मेंदूचं नुकसान होतं.

उन्हाळ्याची दुसरी बाजू मूत्रपिंडं सांभाळतात. मुठीएवढी दोन मूत्रपिंडं, आणि हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्यांच्याकडं जातो. दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी ती गाळतात आणि त्यातलं नव्याण्णव टक्के परत रक्तात घेतात. उरतं ते दीड लिटर. रक्त एक-दोन टक्क्यांनी जरी दाट झालं तरी मेंदूला कळतं. तिथून संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंड आणखी पाणी राखू लागतं. लघवी कमी होते, गडद पिवळी होते. ही मूत्रपिंडाची चूक नव्हे, काटकसर आहे. पण रोज अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी त्याला सोडावंच लागतं, नाहीतर कचरा बाहेर जाणार कसा? त्या थोड्याशा पाण्यात कॅल्शियम, ऑक्झलेट, युरिक आम्ल दाटीनं राहिले की खडे धरू लागतात. आपल्याकडं मुतखड्याचा रुग्ण नाही असं घर शोधावं लागतं, त्यामागं हे एक मोठं कारण आहे.

बायकांच्या बाबतीत यात आणखी एक गोष्ट मिसळते. शेतावर, उसाच्या फडात, एसटीच्या लांबच्या प्रवासात आडोसा नसतो, म्हणून बाई सकाळपासून पाणीच पीत नाही. तहान लागते, ती दाबते. लघवी लागते, तीही दाबते. साचलेल्या दाट लघवीत जंतू वाढायला वेळ मिळतो. स्त्रीचा मूत्रमार्ग चारेक सेंटिमीटरच लांब असल्यानं ते मूत्राशयापर्यंत सहज चढतात. मग जळजळ होते, घरात ‘उन्हाळी लागली’ म्हणतात आणि धन्याचं पाणी देतात. पाणी पोटात जातं हे चांगलंच. पण ताप, थंडी आणि कमरेत वरच्या बाजूला दुखणं असेल तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो, आणि तिथं धन्याच्या पाण्यावर थांबून चालत नाही. मूत्रपिंडाच्या प्रकरणात मी शौचालयाबद्दलही लिहिलं आहे. काहींना ते शरीरशास्त्राच्या बाहेरचं वाटेल, मला वाटत नाही. फडाजवळ आडोसा नसणं हे मूत्रपिंडाच्या आजाराचं कारण असेल तर ते या पुस्तकात यायलाच हवं.

पाणी जाण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे जुलाब. इथं आतड्याचा कारभार समजून घेण्यासारखा आहे. आपण दिवसाला दोनेक लिटर पाणी पितो-खातो, आणि लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस, आतड्याचा रस मिळून आणखी सात लिटर शरीर स्वतः आतड्यात सोडतं. असे नऊ लिटर आत जातात आणि बाहेर पडतं ते जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर. बाकी सगळं परत शोषलं जातं. पटकीसारख्या आजारात जंतूचं विष आतड्याच्या पेशींना पाणी बाहेर सोडायला भाग पाडतं आणि काही तासांत माणूस सुकतो. पण त्याच आतड्याचा एक दरवाजा या विषानं बंद पडत नाही. ग्लुकोज आणि सोडियम एकत्र आले की ते हातात हात घालून पेशीत शिरतात, आणि त्यांच्यामागून पाणी जातं. १९६० साली रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडी मांडली. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत पटकी पसरली, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं. शेकडा तीसच्या घरात असलेलं मृत्यूचं प्रमाण चारच्याही खाली आलं. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

ओआरएसचं एक लिटरचं पाकीट म्हणजे साडेवीस ग्रॅम पावडर: ग्लुकोज साडेतेरा, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड दीड आणि सायट्रेट २.९ ग्रॅम. हे प्रमाण मनमानी नाही. त्या दरवाजातून जास्तीत जास्त पाणी जावं म्हणून ते ठरवलेलं आहे. तरीही अजून गावात एक लिटरचं पाकीट एका फुलपात्रात कालवून लेकराला पाजतात. मग ते इतकं दाट होतं की आतडं उलट शरीरातलं पाणी बाहेर ओढतं आणि जुलाब वाढतात. घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. लहान लेकराच्या डोक्यावरची टाळू खोल गेली असेल, रडताना डोळ्यांत पाणी नसेल, पोटाच्या कातडीची चिमूट धरून सोडल्यावर ती हळूहळू बसत असेल, तर पाणी पाजत पाजत दवाखाना गाठायचा.

सलाईनबद्दल एक गोष्ट स्पष्टच लिहितो, कारण आपल्याकडं ‘जरा अशक्तपणा आहे, एक बाटली लावा’ ही मागणी रोजची आहे. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं आणि बाकी पाणी. ग्लुकोजच्या पाच टक्क्यांच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे शंभरेक कॅलरी. ज्वारीच्या एका भाकरीत त्याहून जास्त असतात. जो माणूस गिळू शकतो आणि ज्याला उलट्या होत नाहीत, त्याच्या आतड्याला डावलून शिरेतून मीठ-पाणी भरण्यात ताकद नाही. बाटली लावायची ती आतडं किंवा रक्ताभिसरण स्वतःला सावरू शकत नसेल तेव्हा. तेव्हा मात्र ती जीव वाचवते.

साखरेच्या प्रकरणाला तुळजापूरची वाट आहे. नवरात्रात जिल्ह्यातल्या घरोघरी नऊ दिवसांचे उपवास असतात, आणि कोजागरीला भवानीच्या दर्शनाला हजारो माणसं सोलापुराहून पंचेचाळीसेक किलोमीटर चालत, बरीचशी अनवाणी, तुळजापूरला येतात. या चालण्यात शरीर काय करतं ते पाहू. साऱ्या रक्तात मिळून साखर असते चार-पाच ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा. एकटा मेंदूच दिवसाला सुमारे १२० ग्रॅम साखर खातो, तासाला पाच ग्रॅम. म्हणजे रक्तातली साखर तासाभरातच संपायला हवी. ती संपत नाही, कारण काळीज तितकीच साखर सतत रक्तात सोडत असतं. त्यात शंभरेक ग्रॅम ग्लायकोजेन साठवलेलं असतं. ते वेगळं करून दाखवलं १८५७ साली, पुन्हा क्लोद बर्नार यांनीच. रात्रभर न जेवता हा साठा पुरतो. त्यानंतर काळीज प्रथिनांच्या तुकड्यांपासून आणि चरबीतल्या ग्लिसरॉलपासून नवी साखर तयार करू लागतं. स्नायू चरबी जाळू लागतात आणि साखर मेंदूसाठी राखतात. उपवास लांबला तर काळीज चरबीपासून कीटोन तयार करतं आणि मेंदूही हळूहळू त्यावर भागवू लागतो. स्वादुपिंडातलं इन्सुलिन कमी होतं, ग्लुकागॉन वाढतं, आणि सगळा कारभार बदलतो. निरोगी माणसाला यातलं काही कळतही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भूक कमी लागते, एवढंच तो सांगतो.

मधुमेहाच्या माणसाचं तसं नसतं. इन्सुलिन टोचून घेतलं किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली, तर औषधाला उपवास आहे हे कळत नाही; ते साखर उतरवतच राहतं. काळजाला साखर सोडू दिली जात नाही, हात थरथरतात, घाम सुटतो, छाती धडधडते, माणूस गोंधळतो. ही थरथर आणि हा घामसुद्धा सावरणंच असतं. साखर वाढवण्यासाठी शरीरानं ॲड्रेनलिन सोडलेलं असतं. आजूबाजूचे म्हणतात, उपवासानं थकलाय, पडू द्या. तिथं आधी दोन-तीन चमचे साखर पाण्यात कालवून द्यायची असते. उलट बाजूही तितकीच खरी. साबुदाण्याची खिचडी, बटाटा, भगर, केळी असं दिवसभर खाल्लं तर साखर उपवासाच्याच दिवशी सगळ्यांत जास्त चढते. मी उपवास करू नका असं कुणाला सांगणार नाही. नवरात्र बसायच्या आधी आठवडाभर डॉक्टरांकडून गोळ्यांचं प्रमाण आणि वेळा बदलून घ्या, एवढा हट्ट मात्र धरणार आहे.

रक्त आणि हृदयाच्या प्रकरणाची सुरुवात मी भूकंपापासून केली आहे, आणि ती तशीच ठेवायची असं बराच विचार करून ठरवलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीची रात्र सरत होती. किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरातली दगड-मातीची जाड भिंताडं झोपलेल्या माणसांवर आली आणि लातूर-उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. ढिगाऱ्यातून काढलेल्या जखमी माणसाबद्दल शरीरशास्त्र काय सांगतं? पाच लिटर रक्तातलं पाऊण लिटर गेलं तरी वरून फारसं काही दिसत नाही. त्याहून अधिक गेलं की हृदयाचे ठोके वाढतात, कातडीच्या आणि आतड्याच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हातपाय गार पडतात, तहान लागते. रक्तदाब मात्र बराच वेळ टिकलेला असतो. दीड लिटरच्या पुढं गेल्यावर तो कोसळतो, आणि कोसळतो तेव्हा झपाट्यानं. म्हणजे ‘बीपी नॉर्मल आहे’ याचा अर्थ रक्त गेलेलं नाही असा होत नाही. शरीर अजून सावरून धरतंय, एवढाच होतो. नाडी आणि तळहात आधी सांगतात. दुसरी गोष्ट त्याहून फसवी. तासन्‌तास दगडाखाली दबलेला पाय मोकळा केला की चिरडलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम आणि मायोग्लोबिन एकदम रक्तात येतं. पोटॅशियम हृदय थांबवू शकतं, मायोग्लोबिन मूत्रपिंडं बंद पाडतं. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडले तेव्हा, १९४१ मध्ये, बायवॉटर्स आणि बील यांनी याचं वर्णन केलं. बोलता-चालता बाहेर काढलेला माणूस दोन दिवसांनी का जातो, याचं उत्तर त्यात आहे.

हेच ज्ञान बाळंतिणीच्या खाटेजवळ रोज लागतं. बाळंतपणानंतर रक्तस्राव होणारी बाई शुद्धीवर असते, बोलते, पाणी मागते. तिची नाडी शंभरच्या पुढं पळत असेल आणि हात गार असतील तर आशाताईनं रक्तदाबाच्या आकड्याची वाट पाहू नये. सास्तूरला भूकंपानंतर स्पर्श ग्रामीण रुग्णालय उभं राहिलं. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्या, फारशी शाळा न शिकलेल्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं. नाडी मोजायला आणि तिचा अर्थ लावायला दहावीचं प्रमाणपत्र लागत नाही, हे या जिल्ह्यानं आधीच दाखवून दिलेलं आहे. या पुस्तकाची भाषा मी त्याच भरवशावर ठेवली.

फुफ्फुसं, हाडं आणि कान-डोळे यांची प्रकरणं त्यामानानं लहान आहेत. त्यांचं महत्त्व कमी नाही, पण त्यांच्याबद्दल सोप्या मराठीत पुष्कळ लिहून झालेलं आहे. आयुर्वेदाबद्दल वाचक विचारतील. धाराशिवला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय कितीतरी वर्षांपासून आहे, आणि २०२२-२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. प्रेत वाहत्या पाण्यात ठेवून, एकेक थर घासून काढत शरीर पाहायची रीत सुश्रुतसंहितेत सांगितलेली आहे. पाहून शिकण्याची ती ओढ मला फार मोलाची वाटते. आरोग्य म्हणजे समतोल ही कल्पनाही तिथं आहे. पण वात म्हणजे अमुक संप्रेरक, पित्त म्हणजे तमुक रस अशा जोड्या जुळवायचं काम मी केलेलं नाही. त्यानं दोन्ही शास्त्रांवर अन्याय होतो.

सगळ्यांत लांब प्रकरण गर्भाशयावर आहे. कळंब, वाशी, भूम, परंडा या तालुक्यांतून दर हिवाळ्यात ऊसतोडीला जोडपी जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, खाडा झाला तर पैसे कापले जातात. पाळीचे दिवस, अंगावरून जाणं, कंबरदुखी यांना त्या हिशेबात जागा नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये शासनाच्या समितीसाठी ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पुष्कळजणी तिशी-पस्तिशीतल्या. ‘लेकरं झाली, आता पिशवीचं काय काम, नाहीतर कॅन्सर होईल’ असं त्यांना सांगितलेलं होतं, आणि त्यांनाही ते पटलं, कारण त्या पिशवीबद्दल दुसरं काही कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

ते इथं सांगितलं आहे. गर्भाशय साडेसात सेंटिमीटर लांबीचं, वजन पन्नास-साठ ग्रॅम. पुढं मूत्राशय, मागं गुदाशय. बीजांडकोश हे वेगळे अवयव, दोन बाजूंना दोन. पिशवी काढताना ते राहिलेत की काढलेत, हा प्रश्न शस्त्रक्रियेइतकाच मोठा आहे. ते काढले तर इस्ट्रोजेन एका दिवसात तुटतं. पन्नाशीच्या आसपास शरीराला जे बदल करायला काही वर्षं मिळतात, ते तिशीतल्या बाईवर एकदम येतात. हाडांतलं कॅल्शियम झपाट्यानं कमी होऊ लागतं, आणि मग उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी बाई पाठ धरून बसते. अधश्चेतकाची तापमान सहन करायची पट्टी अरुंद होते. अंगातून एकाएकी वाफा निघतात, घाम फुटतो, रात्री झोप मोडते. उन्हाच्या प्रकरणात जो घाम तिला वाचवत होता, तोच आता विनाकारण सुटतो, कारण मोजमाप करणारं केंद्रच हललेलं आहे. बीजांडकोश ठेवले तरी गर्भाशय गेल्यावर काहींत ते लवकर थकतात. आणि ज्या कंबरदुखीसाठी पिशवी काढली, ती बऱ्याचदा ओझ्याची असते. अंगावरून पांढरं जाणं हे बऱ्याचदा गोळ्यांनी बरा होणारा संसर्ग असतो.

पिशवी काढणं कधी गरजेचंही असतं. मोठ्या गाठी असतील, औषधांना दाद न देणारा रक्तस्राव असेल, कर्करोग असेल तर त्यानं जीव वाचतो. म्हणून त्या प्रकरणाच्या शेवटी, फाडून जवळ ठेवता येईल असं एक पान दिलं आहे. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न त्यावर मोठ्या अक्षरात छापले आहेत: मला नेमका कोणता आजार आहे? सोनोग्राफीत काय दिसलं, तो कागद मला मिळेल का? पिशवीच्या तोंडाची तपासणी झाली का? आधी औषधं देऊन किती दिवस बघता येईल? बीजांडकोश ठेवणार की काढणार, आणि काढणार असाल तर का? दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला चार दिवस थांबलं तर चालेल का? ज्या बाईला वाचता येत नाही, तिला हे पान शेजारणीकडून किंवा आशाताईकडून वाचून घेता येईल. वाचणारीनं सहा प्रश्न दोनदा वाचावेत आणि तिच्याकडून एकदा म्हणून घ्यावेत.